कानातला आरसा

१

"आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझाच बसत नाही, आणि मी तर तिथे हजर होतो. एका बाईच्या उजव्या कानाची चोरी झाली होती!"

"सुरू झाले," हेडमास्तर म्हणाले.

हेडमास्तर म्हणजे आमचे शेजारी. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण समोरच्याचं वाक्य तपासल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. त्यांच्या शेजारी माझी नात आणि तिचा नवरा. लग्नाला जेमतेम चार महिने झालेत, त्यामुळे नातजावई अजून माझं सगळं खरं मानतात. म्हाताऱ्या माणसाला असा एक तरी श्रोता लागतोच. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी ही. टेबललॅम्पचा गळा उघडून, तोंडात स्क्रू धरून, वायरीची टोकं सोलत बसलेली.

मी माझी खुर्ची उचलली आणि हिच्या डाव्या हाताला नेऊन ठेवली. त्या कानाने हिला ऐकू येत नाही, आणि हातात पेचकस असला की दुसऱ्या कानाचंही लक्ष नसतं. आमचा संसार इतकी वर्षं टिकला, त्याचं निम्मं श्रेय त्या डाव्या कानाला आहे.

"कान चोरीला गेला म्हणजे कापून नेला?" नातजावयांनी विचारलं.

"छे हो. कान जागच्या जागी, त्यातला डूल जागच्या जागी. गेलं ते आतलं. ऐकण्याच्या यंत्राला खेटून तोलाचं एक यंत्र असतं. शुक्रवारी दुपारी ते कागदावरून नाहीसं झालं आणि शनिवारी दुपारी मी ते परत आणून दिलं. पोलीस नाहीत, कुत्रा नाही. थोडा खडू, एक चिमटा आणि हे डोकं."

माझं काम काय होतं ते नव्या मंडळींसाठी सांगायला हवं. मी तोल तपासायचो. कानाकडून मेंदूत जाणाऱ्या तोलाच्या नसेवर कधी कधी एक गाठ उगवते. जिवावर उठणारी नसते, पण जागा फार वाईट. एका चिंचोळ्या हाडाच्या बोगद्यात ऐकण्याची नसही तिच्या शेजारीच चेंगरून बसलेली. गाठ काढायची म्हणजे त्या बाजूची तोलाची नस बहुतेक जातेच. म्हणून चाकू लावण्याआधी डॉक्टरांना कळायला हवं की कोणत्या कानाचा तोल किती जिवंत आहे. ते मी सांगायचो. पाणी ओतून.

"पाणी?"

"कोमट पाणी. मग गार. कान शाबूत असला तर माणूस पलंगावर पडल्या पडल्या गरगरतो. त्याचे डोळे एका बाजूला सावकाश सरकतात आणि झटक्यात परत येतात, पुन्हा सरकतात, पुन्हा झटका. कपाळाला आणि डोळ्यांच्या कडांना चकत्या चिकटवलेल्या, त्यांच्या तारा मशीनला. मशीनची लेखणी कागदाच्या पट्टीवर करवतीसारखे दात काढत जाते. मेलेल्या कानात मात्र पाणी ओता नाहीतर सरबत ओता, रेघ सपाट. मी आयुष्यात इतक्या कानांत पाणी ओतलंय की त्याच्यावर बदकं पोसता आली असती."

"किती बदकं?" हेडमास्तर.

"मोजायला गेलो नाही. आणि खोलीत अंधार ठेवायचा, नाहीतर डोळे कुठेतरी नजर रोवून बसतात आणि झटके थांबतात. पण अंधार, पलंग आणि कोमट पाणी म्हटल्यावर माणूस पेंगायला लागतो. पेंगला की झटके विझले. म्हणून त्याच्याशी बोलत राहायचं. कोणी पाढे म्हणायला लावतं, कोणी गावांची नावं विचारतं. मी गोष्टी सांगायचो."

"म्हणजे थापा मारण्याचा पगार मिळत होता तुम्हाला."

"भत्त्यासकट, हेडमास्तर."

त्या वर्षी आमच्याकडे एक दिवेवाली आली होती. नाट्यगृहात रंगमंचाच्या वर, तीन पुरुष उंचीवर, दोन हात रुंदीची एक फळी असते. खाली प्रसंग बदलायला अंधार झाला की तिने त्या फळीवरून धावत जाऊन दिवे वळवायचे, रंगीत काचा बदलायच्या आणि उजेड व्हायच्या आत स्थिर उभं राहायचं. बारा वर्षं ती त्या फळीवर होती. डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं म्हणून तपासायला गेली, तर त्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ.

त्या शुक्रवारच्या तीन आठवडे आधी मी तिची पहिली पट्टी काढली. डावा कान अर्धमेला, उजवा ठणठणीत. मोठे डॉक्टर खूश झाले. डावी नस कापली तरी उजवी सगळा भार उचलेल; काही महिने त्रास होईल, मग बाई पुन्हा फळीवर. ऑपरेशन सोमवारी ठरलं. त्यांचा एक नियम होता, ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी पट्टी पुन्हा काढायची.

शुक्रवारी चार वाजता त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर दोन पट्ट्या शेजारी शेजारी. दुसऱ्या पट्टीवर डावा कान तसाच, अर्धमेला. आणि उजवा?

सपाट. फूटपट्टीने आखल्यासारखा.

"ज्या दोरीला ही बाई लटकली आहे," मोठे डॉक्टर हळू म्हणाले, "तीच मी सोमवारी कापणार होतो. दोन्हींतली एक पट्टी खोटी आहे. उद्या दुपारपर्यंत कोणती ते सांगा. नाही सांगता आलं तर ऑपरेशन रद्द आणि तिचा फळीवर चढायचा दाखलाही रद्द. कायमचा. आणि गाठ काही माझ्यासाठी वाढायची थांबणार नाही."

२

"तुम्हाला काय वाटलं तेव्हा?" नातीने विचारलं. ही पोरगी गालात हसत होती. मी दुर्लक्ष केलं.

"मला वाटलं पट्टी बदलली. मी माझं काम ओळखतो ना! शुक्रवारची तपासणी मी कशी केली होती, ते सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आणलं."

दिवेवाली अकरा वाजता आली. पहिल्यांदा आली तेव्हा मोठी बोलकी होती. माझ्या खोलीतला बल्ब बघून म्हणाली होती, "हा असा टांगतात होय? उद्या कोणाच्या डोक्यात पडेल." त्या शुक्रवारी मात्र गप्प. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, सोमवार जवळ आलाय, चालायचंच.

आधी पावलांची तपासणी. आमच्या खोलीच्या फरशीवर रंगाने एक मोठं वर्तुळ काढलेलं होतं, घड्याळासारखे बारा भाग पाडलेलं. रुग्णाच्या तळव्यांना खडूची पूड लावायची, डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि मधोमध उभं करून जागच्या जागी पन्नास पावलं टाकायला लावायची. माणसाला वाटतं आपण तिथेच आहोत. प्रत्यक्षात ज्या बाजूचा तोल कमकुवत, त्या बाजूला तो हळूहळू वळत जातो. मोठमोठे शहाणे बाराकडे तोंड करून निघाले आणि तिनावर जाऊन पोचले, हे मी पाहिलंय. एकजण तर दारातून बाहेर गेला आणि बसमध्ये चढला.

"बसमध्ये?" नातजावई.

"तिकीटही काढलं त्याने."

दिवेवालीने पावलं टाकली. मी मोठ्याने मोजत होतो. पन्नासला "थांबा" म्हणालो, पण ती आपल्याच नादात. चार पावलं जास्तीची पडली, तेव्हा मी खांद्याला हात लावून थांबवलं.

मग पलंगावर घेतलं. आता आमच्या धंद्यातला पहिला धडा नीट ऐका. पाणी सोडण्याआधी कानात बॅटरी मारून बघायचं. मळ आहे का, पडद्याला भोक आहे का. हे न बघता जो पाणी ओततो, त्याने ही नोकरी सोडून झाडांना पाणी घालावं. मी दोन्ही कान पाहिले. उजव्या कानाचा पडदा कसा होता म्हणता? आरसा! अहो, माझा चेहरा दिसला मला त्यात. मिशीतला एक पांढरा केस त्या दिवशी मला पहिल्यांदा कळला, तो तिच्या कानात.

नात खो खो हसली. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. हिने मात्र वर पाहिलं नाही. तोंडातला एक स्क्रू काढून ती दिव्याच्या गळ्यात बसवत होती.

चकत्या चिकटवल्या. "हात पलंगावरून उचलायचा नाही," हे मी सगळ्यांना सांगायचो, तिला पहिल्या खेपेलाच सांगितलं होतं. बोट जरी हललं तरी तार हलते आणि लेखणी बिचकते. दिवा मालवला. डाव्या कानाची तपासणी झाली, मग उजव्या कानात पाणी सोडलं. पाणी जरा घाईने बाहेर येत होतं खरं. मी माझी ठेवणीतली गोष्ट सुरू केली, घोरण्याने घराची कौलं उडवणाऱ्या काकांची. पहिल्या खेपेला याच गोष्टीला ती इतकी हसली होती की लेखणी कागदाबाहेर गेली. या खेपेला हूं नाही की चूं नाही. मला थोडा रागही आला, खरं सांगतो.

आणि पट्टीवर सपाट रेघ.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही ओरडलात?" हेडमास्तर.

"कारण अंधारात मी पट्टी पाहत नव्हतो, गोष्ट सांगत होतो. दिवा लावेपर्यंत शिकाऊ डॉक्टर येऊन पट्टी घेऊनही गेले होते. म्हणूनच माझा संशय पहिल्यांदा गेला तो त्यांच्यावर."

३

शिकाऊ डॉक्टरांना आम्ही 'वादळ' म्हणायचो. दार उघडताना आधी त्यांचा कोट आत यायचा, मग ते. या ऑपरेशनला त्यांचा उघड विरोध होता. गाठ लहान आहे, वर्षभर नुसतं लक्ष ठेवू, असं ते चारचौघांत म्हणाले होते आणि मोठ्या डॉक्टरांनी त्यांना चारचौघांतच गप्प केलं होतं. पट्टी वाईट निघाली तर खरे कोण ठरणार? वादळ!

शनिवारी सकाळी मी त्यांना जिन्यात गाठलं.

"डॉक्टर, काल माझ्या खोलीतून निघून तुम्ही कुठे कुठे गेलात?"

"सरळ मोठ्या सरांच्या टेबलापर्यंत. का? तुमची ती पट्टी ओली होती! शाई माझ्या कोटाला लागली. हे बघा."

कोटाच्या बाहीवर शाईचा डाग होता. मी पुन्हा जाऊन पट्टी पाहिली. कडेला एक अंगठा उमटलेला. माझाच. त्या वेळी कापलेल्या अंगठ्याला मी बँडेज बांधलं होतं, त्याच्या जाळीची नक्षी शाईत स्पष्ट. मी लेखणीत शाई भरताना सांडली होती, शुक्रवारी सकाळीच.

म्हणजे पट्टी वाटेत बदललेली नव्हती.

"मग तिच्या फाइलीत दुसऱ्याच कोणाची तरी पट्टी लागली असेल," नातजावई पुढे सरकून म्हणाले.

"शाबास! माझ्याही मनात तेच आलं." त्या दिवशी सकाळी एक दुकानदार तपासून गेले होते, त्यांचा उजवा कान खरोखरच मेलेला. आमच्या विभागाच्या सिस्टर स्वभावाने करड्या. सगळ्या फाइलींवर कागद त्याच टाचायच्या.

"माझ्या हातून कागदांची सरमिसळ?" सिस्टर अशा उसळल्या की सुईचा ट्रे वाजला. "वीस वर्षांत एकदा दाखवा! दुकानदारांची पट्टी त्यांच्याच फाइलीत आहे, जाऊन बघा. आणि तुमच्या त्या दिवेवालीचं कौतुक मला सांगू नका. दारातून आत पाऊल टाकते न टाकते तोच मला म्हणते, 'तोंडावरचा मास्क खाली करा, काय बोलताय ते कळत नाही.' मी म्हटलं, बाई, मी गाणं म्हणत नाहीये, नाव विचारतेय! तरी माझ्या ओठांकडेच बघत राहिली. उद्धटपणा नुसता."

दुकानदारांची पट्टी त्यांच्या फाइलीत होती.

मी माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसलो. पट्टी खरी. माझ्याच अंगठ्याची खरी. म्हणजे दिवेवालीचा उजवा कान तीन आठवड्यांत खरोखर मेला होता, आणि दुपारी बारा वाजता जाऊन मला तसं सांगावं लागणार होतं. माझ्या एका वाक्याने एक बाई आयुष्यभरासाठी जमिनीवर येणार होती.

मान खाली घालून बसलो होतो म्हणून दिसलं. फरशी पुसणारी बाई शनिवारी येत नसे. वर्तुळात कालची खडूची पावलं अजून तशीच होती.

ती डावीकडे वळली होती.

४

"आता लक्ष द्या," मी आवाज खाली आणून म्हणालो. अशा जागी आवाज खाली आणावा, श्रोते आपोआप पुढे झुकतात. "पट्टी म्हणते उजवा कान मेला, डावा अर्धा जिवंत. मग पावलं उजवीकडे वळायला हवीत. पण पावलं दहाच्या घरात गेलेली, म्हणजे डावीकडे. तीन आठवड्यांपूर्वी गेली होती अगदी तशीच."

"म्हणजे पावलांच्या मते उजवा कान शाबूत," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता. मी मनातल्या मनात एक गुण मिळवला.

"बरोबर. पावलं कधी कधी चुकतात, मोठे डॉक्टर नुसत्या पावलांवर चाकू उचलायचे नाहीत. पण पट्टी खरी आणि पावलंही खरी, असं कसं होईल? एकाच तऱ्हेने होईल. कान जिवंत आहे, पण माझं पाणी त्याच्यापर्यंत पोचलंच नाही."

ही उठली, दुरुस्त केलेला दिवा घेऊन भिंतीकडे गेली आणि प्लग लावून बघू लागली. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मला गोष्ट सोडायची नव्हती. मी मागे वळलो नाही.

तिसरा संशयित उरला होता, दिवेवालीचा धाकटा भाऊ. बहिणीला दवाखान्यात तोच घेऊन यायचा. नाट्यगृहात पडदे ओढायचं काम करायचा आणि आदल्याच आठवड्यात मला कुजबुजून म्हणाला होता, "काका, असं काहीतरी लिहा ना, की ताई पुन्हा वर चढणार नाही. ती वर गेली की माझे हात दोरीवर असतात आणि जीव घशात."

मी त्याला नाट्यगृहातच जाऊन धरलं. तालीम चालू होती. वर फळीवर दुसराच कोणी बिचकत बिचकत सरकत होता.

"तू बहिणीच्या कानात काही घातलंस का?" मी सरळच विचारलं.

"मी? कान सोडा, तिच्या पेटीला हात लावला तरी ती बोटं मोडते माझी!"

तेवढ्यात आमच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. निदान मला तसं वाटलं. मी खुर्चीखाली होतो.

"घाबरू नका काका," भाऊ हसत म्हणाला, "गडगडाटाचा पत्रा आहे. नवं नाटक वादळाचं आहे ना. वर फळीलाच टांगलाय, ताईच्या उजव्या हाताशी. डॉक्टर म्हणाले होते उरलेला कान जपा, म्हणून ताई तालमीच्या वेळी त्या कानात मेणाच्या कापसाचा बोळा घालते. बुधवारी फार वेळ चालली तालीम."

मेणाच्या कापसाचा बोळा! मी टोपी उचलली आणि धावत सुटलो. पावणेबारा वाजले होते.

५

दिवेवाली वॉर्डात खिडकीशी बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. काही बोललो नाही. बॅटरी उजव्या कानात धरली.

आत, खोल, बोगद्याच्या वळणावर, पिवळट असं काहीतरी.

चिमटा घातला आणि बाहेर काढला शेंगदाण्याएवढा मेणकापसाचा गोळा. ती बाई दचकली. खिडकीबाहेर कोणीतरी बादली आपटली, तिकडे तिने मान वळवली आणि रडायला लागली. मी तिला तशीच खोलीत नेलं, पाणी कोमट केलं, दिवा मालवला. काकांच्या घोरण्याची गोष्ट सुरू केली. कौलं उडायच्या आधीच ती हसली, आणि लेखणीने असे दात काढले, असे दात काढले, की तशी करवत सुताराकडेही नसेल.

बाराला दोन मिनिटं कमी असताना पट्टी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर होती.

"सोमवारी ऑपरेशन झालं?" नातजावयांनी श्वास सोडला.

"झालं. गाठ निघाली. डावीकडचं ऐकणं गेलं ते गेलंच. पहिले आठ दिवस बाई भिंत धरून चालत होती, महिनाभराने रस्त्यावर, आणि सहाव्या महिन्यात फळीवर. पहिल्या प्रयोगाला मी खाली पहिल्या रांगेत होतो. अंधार झाला. मी मनात पन्नास मोजले. उजेड झाला तेव्हा ती दुसऱ्या टोकाला उभी होती, खांबासारखी सरळ."

"पण चोर कोण?" हेडमास्तर. "वादळ नाही, सिस्टर नाही, भाऊ नाही. बोळा काय आपणहून चालत गेला?"

मी खुर्चीत मागे टेकलो. हा क्षण मला फार आवडतो.

"हेडमास्तर, मी तपासणीच्या आधी कान पाहिला तेव्हा तो स्वच्छ होता, आरशासारखा. पाणी सोडलं तेव्हा बोळा आत होता. मधल्या वेळात मी पाठ फिरवून पाणी कोमट करत होतो. खोलीत आणखी कोण होतं?"

"दिवेवाली!" नातजावई उडालेच.

"स्वतः. बिचारी ऑपरेशनला घाबरली होती. उजवा कान मेला असं दाखवलं की डॉक्टर डाव्याला हात लावणार नाहीत, एवढं तिला कळत होतं. मी पाठ फिरवली आणि तिने बोळा सारला. मोठ्या डॉक्टरांना मी तसं सांगितलं, त्यांनी फाइलीवर तसं लिहून घेतलं, 'रुग्णाने भीतीपोटी'. मी म्हटलं, तिला काही बोलू नका, बाईमाणूस आहे. एवढा मोठेपणा मी दाखवला. मी एवढी वर्षं तिला या बाबतीत एक अक्षर—"

माझ्या तोंडावर झगझगीत उजेड पडला.

डोळ्यांवर हात धरून पाहिलं. टेबललॅम्प माझ्याकडे वळवलेला होता. त्याच्यामागे ही. भिंतीपासून परत येताना ही आधीच्या खुर्चीत बसलीच नव्हती. केव्हापासून कोण जाणे, माझ्या दुसऱ्या बाजूला बसली होती. उजवा कान माझ्याकडे करून.

"सोमवारी टेबलावर घेतल्यावर मोठे डॉक्टर मला म्हणाले होते," ती म्हणाली, "'आता फसवाफसवी नको हं.' कसली फसवाफसवी, ते मला आज कळलं."

नातजावयांनी नातीकडे पाहिलं. नात आता हसत नव्हती.

"अगं, गोष्टीत थोडं इकडचं तिकडे—"

"थांबा. बुधवारच्या तालमीत बोळा तुटला. अर्धा बाहेर आला, मला वाटलं सगळाच आला. तेव्हापासून काही ऐकू येईना. मला वाटलं, उरलेला कानही गेला. तीन दिवस कोणाला सांगायची हिंमत झाली नाही. दारात सिस्टरना मास्क खाली करायला लावला तो त्यामुळे, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. पन्नास पावलांना तुम्ही थांबा म्हणालात, ते मला ऐकू आलं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. दोन्ही गोष्टी तुम्ही बॅटरी मारण्याच्या आधीच्या."

हेडमास्तर हळूच म्हणाले, "आणि हात पलंगावरून उचलायचा नव्हता. उचलला असता तर लेखणी बिचकली असती."

"तुम्ही गप्प बसा, हेडमास्तर," मी म्हणालो.

"ते बरोबर बोलतायत," ही म्हणाली. तिने दिवा आणखी थोडा माझ्याकडे वळवला. फळीवरून वळवायची तसा, एका बोटाने. "तुम्हाला गोष्ट सांगायची घाई झाली होती. आता मला एवढंच सांगा. बोळा बुधवारपासून आत होता, मग शुक्रवारी माझ्या कानात तुम्हाला आरसा दिसला कुठून?"